मोटारहोममधलं हवेवर चालणारं टॉयलेट अडलंय? भांडं खोलण्याआधी या चुका टाळा

हवेवर चालणारं टॉयलेट अडलं की बहुतेक लोक पहिला पाना भांड्याच्या बोल्टलाच लावतात. भांडं डोळ्यांसमोर असतं, वास तिथूनच येतो, म्हणून दोषही तिथेच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा गाडीच्या पोटात असतो. हवा कमी पडलेली असते, हवेच्या नळीत पाणी साचलेलं असतं, नाहीतर बोटाएवढ्या नळीतून हवा निसटत असते. भांडं उगाच खोललं की चांगलं चाललेलं जुनं रबर सुटताना फाटतं आणि एका बिघाडाचे दोन होतात. म्हणून तपासणी हवेपासून सुरू करा आणि भांड्यापाशी शेवटी या.

असं टॉयलेट आपल्याकडे कमीच गाड्यांत दिसतं. बसच्या चॅसिसवर बांधलेली मोठी मोटारहोम किंवा एखादी व्हॅनिटी व्हॅन, इथेच ते भेटतं. अमेरिकेत ब्लू बर्ड कंपनीच्या वाँडरलॉज या जुन्या मोटारहोममध्ये मायक्रोफोर कंपनीची हवेवर चालणारी टॉयलेट बसवत. तिकडच्या रेल्वेतही ती वापरात होती. एका फ्लशला दोन लिटरच्या आसपास पाणी पुरतं, हा त्यांचा मोठा गुण. पण नागपुरात अशी गाडी शहराजवळच्या वाडी भागात नेली, तर ब्रेकच्या हवेतलं सगळं कळणारा मिस्त्री भेटतो, नळकामातलं कळणारा प्लंबरही भेटतो, दोन्ही जोडून पाहणारा मात्र सहसा भेटत नाही. मालकाला आणि ड्रायव्हरला ही यंत्रणा समजली पाहिजे ती यासाठी. समृद्धीवरून ७०१ किलोमीटरच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत घरातले म्हातारे आई-बाबा असतील, लहान मुलं असतील, तर चालू टॉयलेट ही चैन राहत नाही.

बटन दाबल्यावर आत काय होतं

हा क्रम एकदा डोक्यात बसला की अर्धी दुरुस्ती झाली. बटन दाबलं की बारीक नळीतून हवेचा इशारा मुख्य व्हॉल्व्हकडे जातो. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून भांडं धुतलं जातं. त्याच वेळी छोटा एअर सिलिंडर भांड्याच्या तळाची झडप उघडतो आणि मैला पाण्यासकट खालच्या बंद कप्प्यात पडतो. मग झडप बंद होते. ती बंद झाल्यावरच त्या कप्प्यात दाबाची हवा सुटते आणि सगळं पाईपातून मैल्याच्या टाकीकडे ढकललं जातं. शेवटी भांड्यात थोडं पाणी परत येऊन थांबतं. हे पाणी वास अडवतं आणि झडपेचं रबर ओलं ठेवतं.

आता लक्षणं वाचता येतात. बटन दाबून काहीच हललं नाही, तर हवा नाही किंवा इशाऱ्याची नळी दबली आहे. पाणी आलं पण झडप उघडली नाही, तर दाब कमी आहे किंवा सिलिंडरचं पॅकिंग गेलं आहे. झडप उघडली, मिटलीही, पण ढकलण्याचा आवाज आला नाही, तर क्रम सांभाळणारा व्हॉल्व्ह पाहा. ढकलताना भांड्यात बुडबुडे येत असतील किंवा पाणी वर उसळत असेल, तर झडप पूर्ण मिटत नाही. भांड्यातलं पाणी रात्रभरात आपोआप उतरत असेल, तरी दोष त्याच रबराचा. पाणी थांबतच नसेल, तर पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. त्याची जाळी काढून धुतली की बहुतेक वेळा काम होतं.

चूक: गाडीत कोणतं टॉयलेट आहे हेच न पाहणं

‘हवेवर चालणारं’ म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक वर सांगितलं ते, दाबाच्या हवेने ढकलणारं. दुसरं व्हॅक्यूमचं, म्हणजे ओढून घेणारं. नागपूर-बिलासपूर वंदे भारतने गेला असाल तर त्या ओढीचा आवाज तुम्हाला माहीत आहे. मोटारहोममधल्या व्हॅक्यूम टॉयलेटमध्ये फ्लशनंतर पंप थोडा वेळ चालतो आणि टाकीतला निर्वात परत तयार करून थांबतो. दाबाच्या टॉयलेटमध्ये झडप मिटल्यावर ढकलण्याचा दणका ऐकू येतो. दोन्हींचे सुटे भाग वेगळे आणि तपासणीची दिशाही वेगळी. फोनवर कोणाला विचारताना आधी हे सांगा, नाहीतर चांगला माणूसही चुकीचा सल्ला देईल.

व्हॅक्यूमवाल्यांची तक्रार ठरलेली असते: “भाऊ, कोणी फ्लश नाही केला तरी पंप चालूच होऊन राहिला.” म्हणजे कुठून तरी हवा आत शिरते आहे. भांड्यात पेलाभर पाणी टाकून झोपा. सकाळी पाणी नाहीसं झालं असेल तर भांड्याच्या तळाचं सील गेलं. पाणी तसंच आहे आणि पंप तरी चालतोय, तर पंपाजवळचे बदकाच्या चोचीसारखे रबरी व्हॉल्व्ह किंवा पाईपांचे जोड तपासा. त्या चोचींत केसाएवढा कचरा अडकला तरी त्या मिटत नाहीत. पुढचं सगळं दाबाच्या टॉयलेटबद्दल आहे, कारण जीवावर बेतणाऱ्या चुका तिथे होतात.

सगळ्यात मोठी चूक: ब्रेकच्या टाकीतून हवा घेणं

बसच्या चॅसिसवर एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाक्या आयत्याच असतात. टॉयलेटला हवा हवी, तर जवळच्या टाकीला टी लावून नळी ओढली की झालं, असा विचार बॉडी बांधणारे करतात. हे करू नका, आणि केलेलं दिसलं तर बाकीची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी ते काढा.

टॉयलेटची नळी जमिनीपासून छतापर्यंत फर्निचरच्या मागून फिरते. ती घासते, तापते, कधीतरी फाटते. टॉयलेटची हवा गळाली तर फार तर टॉयलेट बंद पडेल, पण ती थेट ब्रेकच्या टाकीला जोडलेली असेल तर गळती ब्रेकची होते. उभ्या गाडीत रात्रभर हवा पास झाली की सकाळी स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा संपली की आपोआप लागणारे ब्रेक, चाकं धरून बसतात आणि गाडी जागची हलत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना नळी सुटली तर काय होईल, हे कोणत्याही ड्रायव्हरला सांगावं लागू नये.

योग्य जोडणी अशी. आजच्या अनेक बसगाड्यांत एक प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. त्याच्या चार वाटांपैकी दोन पुढच्या-मागच्या ब्रेकच्या, एक पार्किंग ब्रेकची आणि एक जादा कामांची. टॉयलेटची हवा या जादा वाटेवरूनच घ्यायची, तिच्यावर स्वतंत्र छोटी टाकी ठेवायची आणि टाकीच्या तोंडाशी उलट हवा न सोडणारा व्हॉल्व्ह लावायचा. एका वाटेची हवा संपली तरी बाकीच्या वाटांत ठरावीक दाब राखून ठेवणं हेच या व्हॉल्व्हचं काम. जुन्या गाडीत तो नसेल तर १२ किंवा २४ व्होल्टचा वेगळा कॉम्प्रेसर बसवा. ब्रेकच्या बाजूला हात लावायचा झाला तर ते काम एअर ब्रेकच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

वेगळ्या कॉम्प्रेसरला आपल्याकडे शत्रू उन्हाचा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा ४५-४६ वर जातो तेव्हा गाडीखालच्या बंद पेटीतला कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून गरम होतो आणि स्वतःला बंद करून घेतो. लोक मोटर जळाली म्हणून बदलतात. पेटीला जाळीचं दार करून द्या, हवा खेळती ठेवा. आणि तो वारंवार चालत असेल तर आधी गळती शोधा, कारण छोटे कॉम्प्रेसर सतत चालण्यासाठी बनलेलेच नसतात.

चूक: गेज न बघता रेग्युलेटर पिळणं

फ्लश मंद झाला की कोणीतरी रेग्युलेटरची, म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची मूठ आवळतो. ब्रेकच्या बाजूला हवेचा दाब साधारण आठ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असतो. टॉयलेटला तेवढा चालत नाही. अशा संचांना साधारण ६० पीएसआय, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास दाब लागतो; तुमच्या संचाच्या पुस्तिकेत किंवा पाटीवर जो आकडा दिला आहे तोच धरा. दाब जास्त झाला तर झडप आपटते, सील उखडतं आणि मैला ढकलण्याचा झटका जोडांवर बसतो.

गेज वाचण्याचीही पद्धत आहे. टॉयलेट शांत असताना दाब बरोबर दिसतो आणि लोक समाधानी होतात. बटन दाबताना बघा. त्या क्षणी काटा खाली कोसळत असेल, तर दाब ठीक आहे पण हवेचा प्रवाह अडतो आहे: फिल्टर चोंदला आहे, नळी कुठेतरी मुरगळली आहे, नाहीतर मिस्त्रीने जाड नळीच्या जागी बारीक नळी टाकली आहे. अशा वेळी रेग्युलेटर कितीही पिळला तरी काही होणार नाही.

चूक: हवेतलं पाणी आणि तेल विसरणं

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाला बसते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत हे पाणी किती निघतं ते पाहून नवा माणूस चकित होतो. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज उघडून ते सोडायचं असतं. ट्रकवाले हे करतात. हौसेने मोटारहोम घेतलेली माणसं करत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ते पाणी पुढे सरकून बारीक व्हॉल्व्हमध्ये जातं, गंज आणि धूळ मिळून चिखल होतो आणि बटन अडकतं.

तेलाचा त्रास हळूहळू होतो. कॉम्प्रेसर जुना झाला, रिंग झिजल्या, की हवेबरोबर तेल येतं. ईपीडीएम जातीचं रबर पाण्याला चांगलं, पण खनिज तेलात ते फुगून मऊ पडतं. नायट्राइल रबर तेलाला टिकतं. फिल्टरच्या भांड्यात तपकिरी चिकट थर दिसला, तर टॉयलेटचं सील पुन्हा पुन्हा का जातंय याचं उत्तर तुम्हाला मिळालं. तिथे रबर बदलत बसू नका. हवेतला ओलावा टिपणाऱ्या एअर ड्रायरचं काडतूस आणि कॉम्प्रेसर बघा.

चूक: गळती कानाने शोधणं

इंजिन चालू, बाहेर ट्रकांचा गोंगाट, आणि मिस्त्री कान लावून बसलेला. मोठी गळती अशी सापडते, छोटी नाही. टाकी भरा, कॉम्प्रेसर बंद करा, गेजवर खूण करा आणि चहा घेऊन या. काटा उतरला असेल तर साबणाच्या पाण्याचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. टॉयलेटची वाट बंद करूनही काटा उतरत असेल तर दोष टाकीच्या बाजूचा आहे. वाट बंद केल्यावर काटा थांबला तर टॉयलेटच्या बाजूचा.

गळती सापडते ती बहुधा पीयू (पॉलीयुरेथेन) पाईपच्या टोकाशी. ही निळी किंवा पारदर्शक नळी स्वस्त असते आणि लावायला सोपी, पण उष्णता आणि ओलावा यांत ती ठिसूळ होते. इंजिनाच्या बाजूने जाणाऱ्या भागात नायलॉनची नळी टाका. नळी कात्रीने किंवा पकडीने तोडू नका. टोक तिरकं किंवा चपटं झालं की पुश फिटिंगमधली (नळी नुसती आत ढकलून बसणाऱ्या जोडातली) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, धरत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि नळी थांबेपर्यंत आत ढकला.

टेफ्लॉन टेपबद्दल माझं मत कडक आहे. आट्यांच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या मोकळ्या सोडून टेप लावायची, आणि तीही मोजकी. तोंडापर्यंत गुंडाळलेल्या टेपचे तुकडे तुटून हवेबरोबर आत जातात आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकात बसतात. नव्या नळकामानंतर आठवडाभरात टॉयलेट अडलं, तर पहिला संशय टेपच्या त्याच तुकड्यांचा घ्या.

चूक: झडपेवर अ‍ॅसिड ओतणं

इथे जरा थांबून बोलतो, कारण नागपूरकरांची टॉयलेट बिघडतात ती या कारणाने जास्त. महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी टाकीत भरलं तर क्षार त्या मानाने कमी. पण प्रवासात ढाब्यावर, शेतावर, रिसॉर्टवर बोअरचं पाणी भरलं जातं. त्यातला चुना आणि लघवीतले क्षार मिळून झडपेच्या कडेवर आणि बाहेर जाणाऱ्या पाईपात पांढरा-पिवळट दगडी थर धरतात. झडप त्या थरावर टेकते, फट राहते, पाणी उतरतं, वास येतो.

घरात आपण अशा वेळी अ‍ॅसिड ओततो. गाडीत ते ओतलं तर झडपेचा धातू, स्प्रिंग आणि रबर सगळ्यांवर मार बसतो, आणि चिनी मातीच्या भांड्याला जे चालतं ते या यंत्राला चालत नाही. त्यातही वाईट म्हणजे आदल्या दिवशी कोणी ब्लीच टाकलेलं असतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि मोटारहोमचं न्हाणीघर कपाटाएवढं असतं. हे कधीही करू नका.

किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे विरघळवून भांड्यात टाका, काही तास राहू द्या, मग मऊ ब्रशने कड घासा आणि दोन-तीन वेळा साध्या पाण्याने फ्लश करा. लिंबूसत हेही आम्लच आहे, तेव्हा त्याच्या जवळपासही ब्लीच नको. थर जाड असेल तर हे पुन्हा करा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की बसण्याच्या जागेवर ओरखडे पडतात आणि मग नवं सीलही धरत नाही.

रबराला चकाकी यावी म्हणून व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस किंवा खोबरेल लावणारेही आहेत. सिलिकॉन ग्रीसच वापरा, तेही बोटाला लागेल एवढंच. आणि गाडी उन्हात महिनाभर उभी राहणार असेल तर अधूनमधून भांड्यात पाणी टाकत जा. परदेशी पुस्तिकांत पानंच्या पानं गोठण्यापासून जपण्यावर असतात. आपल्याला जपायचं आहे ते सुकण्यापासून.

चूक: पाईप तुंबला की टायरची हवा मारणं

पाईप अडला की कोणीतरी कॉम्प्रेसरची मोठी नळी तोंडाला लावून पूर्ण दाब सोडतो. पाण्याचा पीव्हीसी पाईप दाबाच्या हवेसाठी बनलेला नसतो. तो फुटतो तेव्हा तुकडे उडतात, आणि उन्हात तापलेल्या पाईपात ताकद आणखी कमी असते. त्यात आत काय भरलं आहे हे वेगळं सांगायला नको. पाईप जोडापाशी सोडवून प्लंबरच्या लवचिक तारेने मोकळा करा.

पण त्याआधी छतावर चढा. या टॉयलेटमध्ये प्रत्येक फ्लशबरोबर मैल्याच्या टाकीत हवा भरली जाते. ती छतावरच्या व्हेंटमधून बाहेर पडली पाहिजे. गाडी काही महिने उभी राहिली की कुंभारीण माशी त्या पाईपात मातीचं घर बांधते. वाट बंद, टाकीत दाब, आणि मग मैला पुढे सरकत नाही किंवा बेसिनच्या जाळीतून दुर्गंधी घरात येते. अख्खं टॉयलेट खोलून झाल्यावर कारण म्हणून मूठभर माती निघालेली मी पाहिली आहे. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि ती वेळोवेळी झटका.

खोलण्यापूर्वी

गाडी सपाट जागी उभी करून चाकांच्या मागे-पुढे ठोकळे लावा, कारण हवा सोडल्यावर प्रत्येक गाडीचे ब्रेक सारखे वागत नाहीत. टॉयलेटची हवा बंद करा, नळीतली उरलेली हवा सोडून गेज शून्यावर आला का पाहा. सिलिंडरमध्ये दाब असताना झडपेत बोट घालू नका, ती बोट तोडू शकते. पाणी बंद करा, विजेची तार काढा. हातमोजे आणि चष्मा घाला. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

मैल्याच्या टाकीत डोकावून पाहायला काडी किंवा लायटर पेटवू नका, आत मिथेन असतो. हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला.

याच जागी मला कळकळीने सांगायचं आहे. टाकी तुंबली की काही मालक वस्तीतून एखाद्या सफाई कामगाराला बोलावतात, हातात पैसे ठेवतात आणि हात घालून काढायला सांगतात. माणसाला हाताने मैला काढायला लावणं आणि संरक्षणाशिवाय सेप्टिक टाकी साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडीची टाकी लहान म्हणून तो हात कमी मोलाचा होत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात तरी हे कोणी कोणाला सांगू नये. उपसा करणारा मैल्याचा टँकर बोलवा, टाकी यंत्राने रिकामी करा, नळीने धुवा आणि मगच पुढचं काम सुरू करा. नाल्यातही सोडू नका. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि त्या पाण्यावर गोसीखुर्दपर्यंत गावं आहेत.

जोडल्यावर

सगळं परत बसवल्यावर पहिली चाचणी स्वच्छ पाण्याने आणि झाकण बंद ठेवून. कमी दाबावर सुरू करा, मग ठरलेल्या आकड्यापर्यंत वाढवा. झडपेची हालचाल, ढकलण्याचा आवाज आणि भांड्यात परत येणारं पाणी, तिन्ही नीट आले की थोडे टॉयलेट पेपरचे तुकडे टाकून पाहा. रात्री भांड्यातल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि सकाळी पाहा.

प्रवासात सोबत ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत: झडपेचं सील, दोन-तीन मापांच्या ओ-रिंग, नायलॉनच्या नळीचा तुकडा, चार पुश फिटिंग, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, लिंबूसताची पुडी. नळी आणि फिटिंग हवेच्या अवजारांचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात, पण झडपेचं सील मागवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून बदललेलं जुनं सील फेकू नका. ओ-रिंगचं माप सांगण्यापेक्षा ती हातात घेऊन दुकानात जा, आणि सील मागवताना त्याचा फोटो फूटपट्टीशेजारी ठेवून काढा.